प्लास्टरच्या खोलीतली बादली

मी बादली बोलतेय. हाडांच्या दवाखान्यात, अगदी टोकाला प्लास्टरची खोली आहे ना, तिथली. पत्र्याची आहे, कडी जराशी वाकलेली.

माझं काम सोपं. प्लास्टरची कोरडी पट्टी माझ्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकेच पिळून हातापायाला गुंडाळायची. थोड्या वेळात ती दगडासारखी होते. सगळे म्हणतात, "सुकलं." मलाही तसंच वाटायचं. पण नुसतं सुकत असेल, तर पट्टीला आतून ऊब कशी सुटते? वाळत घातलेला कपडा कधी ऊबदार झालेला पाहिलाय? मग उमगलं, ती पांढरी पूड पाणी आपल्यात सामावून घेते आणि घट्ट होते. सुकणं त्यानंतरचं, ते दोन दिवस सावकाश चालतं.

मला खरं कुतूहल होतं ते वेळेचं. पट्टी तीच, पण कधी दहा मिनिटं घेते, कधी तीनच. असं का?

काही गोष्टी पाहून पाहून कळल्या. प्लास्टरवाले काका बाहेर गर्दी असली की माझ्यात गरम पाणी ओतायचे. फारच खोळंबा झाला तर चिमूटभर मीठ. दोन्हींनी पट्टी चटकन धरायची, घट्ट व्हायची. गार पाण्यात मात्र ती निवांत असायची.

एक दिवस एक आई दीड महिन्याच्या मुलीला घेऊन आली. बाळाचं डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं. आई अनवाणी.

"ताई, फरशी गार आहे. चपला बाहेर राहिल्या का?" काकांनी विचारलं.

"नाही काका. चिमणी स्वतःच्या पायांनी चालेपर्यंत घालायच्या नाहीत, असं देवाला सांगितलंय."

"देव ऐकेल हो. पण काच टोचली तर मलमपट्टी मलाच करायची आहे."

दर आठवड्याला डॉक्टरीणबाई पाऊल थोडंसं सरळ करायच्या, अंगठ्याने आकार द्यायच्या आणि तसंच धरून ठेवायच्या. तोवर पट्टी मऊ राहायला हवी. दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या खेपेला गार पट्टी लागून बाळ रडलं, म्हणून काकांनी मायेने गरम पाणी घेतलं. पट्टी आकार येण्याआधीच कडक झाली. ती काढावी लागली, बाळ रडून दमलं आणि तो आठवडा वाया गेला.

पुढच्या वेळी गार पाणी, मीठ नाही, पट्ट्यांचा डबाही नवा. तरी पुन्हा तेच.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "असेच आठवडे गेले, तर पाऊल ताठरत जाईल. मग मोठं ऑपरेशन करावं लागेल."

आई बाळाला थोपटत खाली बसली आणि तिची नजर माझ्यात गेली.

"काका, तळाशी हा पांढरा थर कसला?"

"जुन्या पट्ट्यांचा. मी विसळतो की बादली, पण रोज घासायला सवड कुठे आहे?"

"हसू नका हं, माझं आपलं स्वयंपाकघरातलं डोकं. बरणीत जुना साखरलेला मध राहिला, की वर ओतलेला नवा मधही भराभर साखरतो. बरणी लख्ख घासली, तर कितीतरी दिवस पातळ राहतो."

काका हसणारच होते. पण डॉक्टरीणबाईंनी माझ्या तळाची एक खपली नखाने काढली आणि उजेडात धरली.

"ताई, बरोबर आहे तुमचं. थर जाड झाला, की हे जुने कण सुटून पाण्यात मिसळतात आणि नवी पूड त्यांच्याभोवती लगेच धरते. काका, बादली घासा."

"म्हणजे गरम पाण्याचं पापही माझं आणि खपल्यांचंही," काका म्हणाले आणि मला घेऊन मोरीत बसले. काथ्याने असं घासलं, की मला स्वतःचा तळ पहिल्यांदाच दिसला.

पुढचा आठवडा मीही देवाचं नाव घेत काढला. बादलीने प्रार्थना करू नये, असं कुठे लिहिलंय?

त्या दिवशी गार, स्वच्छ पाण्यात पट्टी बुडाली. बाईंचा अंगठा पावलावरून फिरत राहिला आणि पट्टी मऊच राहिली. आकार आला, मग ती सावकाश घट्ट झाली.

"धरलं," बाई म्हणाल्या. "अगदी हवं तेव्हा."

पुढच्या पट्ट्याही अशाच नीट बसल्या आणि पाऊल सरळ झालं. दीडेक वर्षाने आई पुन्हा आली. चिमणी तिचं बोट सोडून डुलत डुलत थेट माझ्यापर्यंत चालत आली आणि तिने आपला एक चिमुकला बूट माझ्यात टाकला.

"आता तरी घाला पायात, ताई," काका म्हणाले.

आईने पिशवीतून चपला काढल्या. नव्याकोऱ्या, पण भोवती गुंडाळलेला कागद मात्र जुना होऊन पिवळा पडलेला. त्या तिने तिथेच, माझ्याशेजारी बसून घातल्या.

आता माझ्या बुडाला भोक पडलंय. पाणी भरायला नवी बादली आली आहे. मी कोपऱ्यात असते, माझ्यात काथ्या ठेवतात. नव्या बादलीला सांभाळणाऱ्यांनो, एवढंच मागते: संध्याकाळी घरी जाण्याआधी तिचा तळ एकदा घासत जा. उद्या सकाळी कुणाची चिमणी येईल, सांगता येत नाही.