ऊनबाबांचं कुंड

कागद गिरणीच्या मागच्या भिंतीपाशी जत्रा भरली होती. भिंतीच्या बुडातून वाफाळतं पाणी येत होतं. त्याच्यापुढे शेंदूर फासलेला दगड आणि दगडाशेजारी भगव्या कफनीतले ऊनबाबा. आमची कल्याणची मंडळी वज्रेश्वरीच्या कुंडांत न्हाऊन आलेली. जमिनीतून ऊन पाणी दिसलं की हात आपोआप जोडले जातात.

"माते, चालत चालत आलीस गं लेकरांसाठी!" बाबा गर्जले. "वास घ्या! पाताळातला धूप आहे!"

धूप कसला! डांबराचा भपकारा होता. तरी लोकांनी डोळे मिटून तो छातीभर घेतला.

मी डॉक्टर. दवाखाना ओस पडला त्याचा राग होताच, खोटं कशाला बोलू? पण खरी काळजी शालूची होती. एवढीशी पोर मलेरियानं फणफणलेली. तिच्या आईनं, गंगुबाईनं, बाबांच्या सांगण्यावरून माझ्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि पोरीला ते पाणी पाजायला घेतलं. पोर ओकून ओकून अर्धी झाली.

"विष बाहेर पडतंय," बाबा म्हणाले.

भिंत गिरणीची आणि वास डांबराचा, म्हणून मी तडक गिरणीच्या वीजघरात गेलो. तिथला इंजिनिअर सुधीर माझा मित्र. ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे, आमच्या बॉयलरला कोळसा लागतो, तसा कोळशापासून काढलेला गॅसही. तो गॅस आम्ही पाण्यानं धुतो. त्याचं गरम, घाण पाणी गटारातून खड्ड्यात जातं. कुणीतरी गटार फोडलंय! आत्ता बुजवतो."

"बुजवलंस तर देवी रुसली म्हणतील, आणि उद्या दुसरीकडे खणतील. त्यापेक्षा त्यात तुमच्या पतंगाच्या कागदाचा रंग टाक, म्हणजे पाणी गिरणीचं आहे हे त्यांनाच दिसेल."

दुसऱ्या दिवशी कुंड लालेलाल झालं, आणि डाव आमच्यावरच उलटला. "देवीनं कुंकू सांडलं!" म्हणून लोक लोटांगणं घालू लागले. बाबा गंभीरपणे म्हणाले, "मीच मागितलं होतं."

मी चिडलो, मग हसूच आलं. पुढे होऊन विचारलं, "बाबा, उद्या कोणता रंग मागणार? आजच सांगा."

बाबांनी आभाळाकडे पाहिलं. "पिवळा! भंडारा!"

"मी म्हणतो, हिरवा. गंगुबाई, उद्यापर्यंत पोरीला थेंबही देऊ नकोस. मी हरलो तर दवाखान्याला टाळं लावीन."

गंगुबाईनं आधी बाबांकडे पाहिलं, मग शालूकडे. "बरं," ती म्हणाली.

सकाळी कुंड पोपटासारखं हिरवंगार! सुधीरनं पहारीनं शेंदऱ्या दगड उलथला. खाली गटाराला पाडलेलं भगदाड, आणि पाणी बाहेर वळवायला ठोकलेली कौलं.

"ही मातेची लीला..." बाबा अडखळले.

"माता कौलं बी ठोकते व्हय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि जत्रा खो खो हसली. त्या हशातच बाबांनी कफनी आवरून पोबारा केला.

गंगुबाई शालूला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. मी गोळ्या पुढे केल्या, तर तिनं हात मागे घेतला.

"डागतर, हिचा ताप कवा उतरंल? आधी सांगा. बाबाला इचारलंत, तर आता तुमाला बी इचारनार."

मी थक्क झालो, आणि मनापासून खूशही.

"तीन दिवसांत. नाही उतरला तर चारचौघांत जाब विचार."

ताप उतरला. पण वाचकहो, तेवढ्यावरून माझ्याही पाया पडू नका. समोर बाबा असो की डॉक्टर, काय होणार ते आधी विचारा, मग डोळे उघडे ठेवून पडताळा. गंगुबाईला जमलं, तुम्हाला का जमू नये?