पद्मावतीअक्कांचा आवाज आणि मी

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुमचाही राहिला नसता. माणूस माझ्यासमोर आला की आधी घसा खाकरतो आणि मग हळूच विचारतो, "चालू आहे का?" चालू आहे म्हटलं की त्याचा आवाज गोड होतो. बंद केला म्हटलं की खरा माणूस बोलू लागतो. हे दोन्ही आवाज मी ऐकत आलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी तयार झाल्यावर तिथल्या तपासनिसाने माझ्यापुढे चुटकी वाजवली, कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि पसंतीची मान डोलावली. मला कोण आनंद झाला! पण शेजारच्या माईकपुढेही त्याने तशीच मान डोलावली. माझा स्वभाव बहुधा तिथेच बिघडला.

तिथून मी बेंगळुरूला आलो, एचएसआर लेआउटमधल्या रविकिरण यांच्या स्टुडिओत. रविकिरण इथल्याच जुन्या मराठी घरातले. त्यांच्या तोंडी मराठी आणि कन्नड अशी मिसळलेली असते की कुठली कुठे संपते ते कळत नाही. सुरुवातीला त्यांनी मला फार जपलं. लग्नं, भाषणं, कंपन्यांचे माहितीपट, सगळीकडे मी मानाने गेलो. मग नवे, बोटाएवढे माईक आले आणि मी कपाटात गेलो. माझी स्पंजची टोपी फाटली, ती कुणी बदलली नाही. शिकाऊ मुलं आली की मात्र मला बाहेर काढत, कारण मी बिघडलो तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तनय नावाच्या मुलाने माझ्या दांड्याने पाठ खाजवली. निहारने मला जिन्यावरून पाडलं आणि "हा आधीपासूनच बिघडलेला होता" असं ठोकून दिलं. आता तुम्हीच सांगा, शिकाऊ मुलांकडे मी कुठल्या नजरेने पाहायचं?

अशात स्वानंदी आली. मूळची नागपूरची, इथल्या एका कॉलेजात ध्वनी आणि चित्रफितीचं शिक्षण घेणारी, राहायला सर्जापूर रोडला मावशीकडे. इंटर्नशिप पूर्ण केल्याचं रविकिरण यांचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कॉलेज तिला पुढच्या वर्षाला बसू देणार नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने मला ओढणीने पुसलं आणि घरून आणलेल्या स्पंजची नवी टोपी शिवून घातली. मला लगेच शंका आली. इतकी माया कोण करतं? हिला नक्की काहीतरी हवं असणार!

तिला काम मिळालं ते पद्मावतीअक्कांचं. अक्का शहराबाहेरच्या होसकोट्याच्या निवृत्त शिक्षिका. मुलगा परदेशी, त्यामुळे घरात एकट्याच. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत त्या मुलांना गोष्टी सांगत आणि आवाज असा, की रडणारं मूल गप्प व्हावं. त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून मुलांसाठी काढायच्या, असं रविकिरण यांनी त्यांना सांगितलं होतं. रविकिरण ओळखीतले म्हणून अक्का लगेच हो म्हणाल्या.

आम्ही होसकोट्याला जाऊ लागलो. अक्का दारातच विचारत, "बा गं, ऊट झालं का, जेवलीस का? नाहीतर स्वल्प चित्रान्न खा, लिंबाचा भात आहे, मग तुझं ते यंत्र लाव." स्वानंदी खायची, हसायची आणि मग मला त्यांच्यासमोर ठेवायची. गोष्ट एखादीच होई. बाकी वेळ भलतंच चाले.

"अक्का, आता रागावून बोला ना."

"कुणावर रागावू? समोर तू बसलीयेस!"

"कुणावरही. आणि मग हसून दाखवा. मग कुजबुजून. सर म्हणाले, सगळ्या तऱ्हेचे आवाज हवेत."

मी आत आत चरफडत होतो. गोष्टीला गोष्ट लागते, मित्रांनो. बाईंना आकडे म्हणायला लावायचे, एकच वाक्य रडून आणि हसून म्हणायला लावायचं, ही कुठली गोष्ट? या मुलीच्या मनात काळंबेरं आहे, अशी माझी खात्रीच झाली. अक्कांचं चित्रान्न खाऊन ही त्यांनाच फसवते आहे, असं वाटून मला तिचा रागही आला.

आता स्टुडिओतल्या लोकांची एक खोड सांगतो. आमच्याकडे एक लहानशी खोली आहे. तिचा आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. त्यामुळे कुणाला काही गुपित बोलायचं असलं की तो याच खोलीत शिरतो आणि दार ओढून घेतो. आत माईक आहे हे रोज माईकवर पोट भरणारी माणसंच विसरतात.

त्या दुपारी स्वानंदीने मला त्या खोलीत ठेवून चालू केलं होतं आणि काचेपलीकडे हेडफोन लावून, मान खाली घालून ती माझा आवाज जुळवत होती. तेवढ्यात रविकिरण फोनवर बोलत आत आले.

"सूर्यकांतजी, काळजी करू नका. आणखी दोन बैठका झाल्या की पुरे. मग तुमच्या कंपनीचं मशीन अक्कांच्या आवाजात काय हवं ते बोलेल. गोष्टी कशाला, जाहिराती करा, लोकांना फोन करा... नाही हो, अक्कांना कशाला सांगायचं? त्यांना वाटतंय गोष्टी चालल्यात. पोरीलाही तेच वाटतंय."

मी काचेतून पाहिलं. स्वानंदीने मान वर केली होती. तिचा हात हेडफोनवर तसाच राहिला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. तिला ठाऊक नव्हतं! इतके दिवस मी भलत्याच माणसावर डोळा ठेवून होतो.

पण मित्रांनो, माझा संशय इतक्या सहज जाणारा नव्हे. तो फक्त वळला. आता ही काय करणार? प्रमाणपत्र रविकिरण यांच्या हातात होतं. गप्प राहायला पैसे पडत नाहीत. होसकोट्याच्या बसमध्ये ती मला मांडीवर घेऊन बसली होती आणि मी मनात म्हणत होतो, ही काही बोलायची नाही.

अक्कांनी ताट पुढे केलं. स्वानंदीने ते बाजूला ठेवलं.

"अक्का, आधी मला बोलू द्या. नाहीतर मला घास गिळायचा नाही," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना ती रडत होती.

अक्कांनी ताट झाकून ठेवलं.

"म्हणजे मी मेल्यावरही बोलत राहीन," त्या म्हणाल्या, "आणि काय बोलतेय ते मलाच ठाऊक नसेल? उद्या माझ्या आवाजात कुणी माझ्या लेकाला फोन केला तर तो काय समजेल?"

"सॉरी अक्का. तुमच्याकडून सगळं मीच बोलून घेतलं."

"रडू नको. तू सांगायला आलीस ना? सरी, ठीक आहे. आता तो माईक बंद कर."

तिने मला बंद केलं. अक्कांनी लगेच स्पीकरवर रविकिरण यांना फोन लावला आणि झालेलं सगळं पुसून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, "पुसतो अक्का, नक्की पुसतो." तो गोड आवाज मला चांगला ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी स्वानंदीला स्टुडिओतून काढलं. प्रमाणपत्र नाहीच. जाताना तिने माझी टोपी नीट केली. तिला थांबवावं असं मला फार वाटलं, पण माईकला बोलता येत नाही. मला टेबलाच्या खणात कोंबलं गेलं.

आणि मग एके सकाळी खणाबाहेर अक्कांचा आवाज आला. स्पष्ट, ठसठशीत, अगदी त्यांचाच.

"रविकिरणा, खुर्ची दे."

माझ्या अंगावर काटा आला. झालं! केलीच यांनी नक्कल! मशीन किती हुबेहूब बोलतं आहे! मी संतापाने थरथरत ऐकत राहिलो आणि त्या आवाजाचा शब्दन् शब्द मला खोटा वाटला. "माझ्यासमोर पूस, सगळं," तो आवाज म्हणाला. खोटं! "आणि त्या पोरीचं प्रमाणपत्र लिही. ती नीट शिकली, असं लिही. लिहिल्याशिवाय मी उठायची नाही." हेही खोटं! कसली सोंगं करतात ही माणसं!

मग तो आवाज खोकला. खोकता खोकता बांगड्या टेबलावर आपटल्या, कुणीतरी पळत जाऊन पाणी आणलं आणि भांड्यातलं थोडं पाणी खणाच्या फटीतून माझ्यावर ठिबकलं.

मित्रांनो, त्या खऱ्याच अक्का होत्या. गुडघे दुखत असताना होसकोट्याहून बस बदलत त्या आल्या होत्या आणि त्या मुलीसाठी भांडत होत्या. तासाभराने सगळं समोर पुसून घेऊन आणि प्रमाणपत्र घेऊनच त्या उठल्या. आणि ज्याने त्यांचं हसणं, रागावणं, कुजबुजणं सगळं इतक्या जवळून ऐकलं, तो मी त्यांना खोटं म्हणत होतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. कुणाचाही आवाज त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका आणि घेतलात तर तो कशासाठी घेतला ते त्याच्या तोंडावर सांगा. आवाजाची चोरी झाली की फक्त एका माणसाचं नुकसान होत नाही. उद्या तुमची आई दाराबाहेरून तुम्हाला हाक मारेल आणि तुम्ही दार न उघडता आत बसून राहाल.