दोघींचा टॅबलेट

"हा नको," रोसित्सा म्हणाली. "लॅपटॉपची वायर जोडल्याशिवाय याच्यावर रेघ उमटत नाही. आपल्याला उचलून नेता येईल असा हवा."

नेवेना दुकानातल्या त्या मोठ्या स्क्रीनवरून पेन उचलायला तयार नव्हती. तिनं नुकतंच शेळीचं शिंग काढलं होतं आणि रेघ पेनाच्या टोकाला चिकटून आली होती, जराही मागे रेंगाळली नव्हती.

"न्यायचंय कुठं? एकाच टेबलावर तर बसतो आपण."

"अगं, तुझ्यासाठीच म्हणतेय. दर शनिवारी असेनोव्हग्राडला बाबांकडे जातेस ना? तिथं अंगणात बसून काढशील की."

नेवेना विरघळली. बाबांचा विचार करणारं तिच्याशिवाय दुसरं कोण होतं? रोसित्सा. चित्रकलेच्या शाळेत एका बाकावर बसल्यापासून दोघी एकत्र. प्लोव्हदिव शहरातल्या कापाना पेठेत दोघींनी एक खोली भाड्यानं घेतली होती आणि तिथं ब्याला नावाच्या शेळीची पुस्तकं जन्माला आली. शेळी नेवेनाची. कुरण, आभाळ, रंग रोसित्साचे. लोकांशी बोलणं, करारमदार हेही रोसित्साचंच, कारण नेवेनाला फोन उचलायचासुद्धा कंटाळा. पुस्तकांवर दोघींची नावं शेजारी-शेजारी छापली जात. आता प्रकाशकाला कागदावरची चित्रं नको होती, म्हणून दोघींच्या पैशांनी टॅबलेट घ्यायचा होता. निवड नेवेनानं करायची, हात तिचा चांगला म्हणून.

दुकानातल्या मुलीनं तीन-चार टॅबलेट पुढे मांडले. एकाची काच बर्फासारखी, पेन घसरून पार कडेला जायचं. एकावर रेघ रांगत यायची. शेवटचा हलका होता, काच कागदासारखी खरखरीत, पेन तिरपं धरलं तर रेघ रुंद व्हायची, आणि त्याला लॅपटॉप लागत नव्हता.

"बॅटरी किती टिकते? इंटरनेट नसलं तर? विमानात चालतो?" रोसित्सानं विचारलं.

नेवेना हसली. "असेनोव्हग्राडला मी विमानानं जाऊ का गं?"

दुकानातली मुलगी हसली. मग रोसित्साही हसली, जराशी उशिरा.

तो टॅबलेट असेनोव्हग्राडला कधी गेलाच नाही. दर शुक्रवारी रोसित्साचं काहीतरी अडायचं, "राहू दे गं, एवढं आभाळ संपवते," आणि नेवेना रिकाम्या हातानं बस पकडायची. तिची तक्रार नव्हती. उलट रोसित्साला सगळं तिनंच शिकवलं होतं: रेघांचा थर वेगळा, रंगांचा वेगळा कसा ठेवायचा, जुनी शेळी खाली फिकट करून तिच्यावरून नवी कशी गिरवायची. "म्हणजे मी नसले तरी तुझं अडणार नाही," असंही म्हणाली होती.

जूनमध्ये त्यांच्या पुस्तकांचे संपादक लाझारोव्ह नेवेनाला बाजारात भेटले. आग्रहानं कॉफीला घेऊन गेले.

"वडील कसे आहेत आता?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

"मजेत. परवाच कुंपण रंगवलं त्यांनी."

लाझारोव्हांनी कप खाली ठेवला. "रोसित्साबाई म्हणाल्या की त्यांच्या आजारपणामुळे तुम्ही काम सोडताय. म्हणून तर पुढच्या पुस्तकांचा करार आम्ही त्यांच्या एकट्यांशी केला. त्या लिस्बनहून पाठवणार सगळं."

"लिस्बनहून?"

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक नाही? गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीय त्यांना. शेळीची चित्रं पाहूनच घेतलं म्हणे."

"शेळी मी काढते," नेवेना म्हणाली.

"माझ्यासमोर टॅबलेटवर त्यांनी काढली हो," लाझारोव्ह चाचरत म्हणाले, "हुबेहूब."

कॉफी तशीच टाकून नेवेना उठली. रस्ताभर तिला रागही येत नव्हता. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. विमानात चालतो का, हा प्रश्न ऐकून आपण हसलो होतो. मोठ्यानं, त्या परक्या मुलीसमोर.

रोसित्साच्या घराचं दार उघडंच होतं. पलंगावर दोन बॅगा, आणि उशीवर टॅबलेट.

"तुला सांगणारच होते," रोसित्सा म्हणाली.

"कधी? तिथं पोचल्यावर?"

"तू असं बघशील म्हणून नाही सांगितलं. आता बघतेयस ना, तसं."

"माझ्या बाबांना आजारी पाडलंस तू. तुझ्यासाठी दर वर्षी लोणचं घालतात ते."

रोसित्सा घडी केलेला स्वेटर उगाच पुन्हा उलगडू लागली. मग एकदम उसळली. "मग काय सांगायला हवं होतं? पन्नाशी आली माझी, नेवे! तुझ्या शेळीमागचं गवत रंगवण्यात गेली. जो तो विचारतो, शेळी कुणाची? गवत कुणी काढलं, असं कधी कुणी विचारलंय? तू तरी?"

गवत सुंदर असायचं. तसं आपण कधी म्हटलं होतं का, हे नेवेनाला आठवेना.

"तू माझ्याकडे मागितलं असतंस," ती शेवटी म्हणाली, "तर शेळीही दिली असती."

"माहितेय. म्हणूनच मागवेना."

टॅबलेटवर अर्धी शेळी होती. पाठीची रेघ जागोजागी तुटलेली. नेवेनाची नजर तिथं गेली तशी रोसित्सा पुटपुटली, "पेनाच्या दाबाचं सेटिंग अजून तुझ्या हाताचं आहे. मला बदलायला जमलं नाही."

नेवेनानं टॅबलेट उचलला. रोसित्सानं चटकन हात पुढे केला, ती तो आपटणार असं वाटून. नेवेना पलंगाच्या कडेला बसली. सेटिंगमध्ये दाब कमी केला, रोसित्साचा हात किती हलका पडतो ते आठवून अजून थोडा कमी केला आणि पेन तिच्याकडे दिलं.

"ओढून बघ."

रोसित्सानं रेघ ओढली. सलग आली. ती मान खाली घालून त्या रेघेकडेच बघत राहिली. नेवेना जिना उतरून गेली.

शनिवारी ती असेनोव्हग्राडला गेली. बाबा शिडीवर चढून चेरी काढत होते. दुपारी दोघांनी टोमॅटो आणि चीज खाल्लं. निघताना त्यांनी नेहमीसारख्या दोन पिशव्या भरून दिल्या.

"ही रोसित्साची. मोठमोठ्या वेचून घातल्यात, तिला आवडतात तशा. आणि सांग तिला, किती दिवसांत फिरकली नाही म्हणावं!"

"सांगते," नेवेना म्हणाली.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. तिनं रोसित्साची पिशवी तिथं ठेवली. वळणावर ती कलंडू लागली, तेव्हा तिनं एका हातानं तिला सावरलं आणि प्लोव्हदिव येईपर्यंत तशीच धरून ठेवली.