बर्फ खालून बघणारी झोपडी

मित्रांनो, मी मासेमारीची एक जुनी झोपडी आहे आणि सध्या चाळीस फूट पाण्याखाली राहते. त्यामुळे माझा आवाज जरा बुडबुडल्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या. माझ्या बाकावर आता एक पाईक मासा बसतो. त्याचे बरेचसे नातेवाईक माझ्याच शेगडीवर तळले गेले, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मीही विषय काढत नाही. आमच्या भागात नको ते विषय काढतच नाहीत. माझी गोष्ट खरं तर एवढीच आहे, पण तुम्ही आलाच आहात तर नीट सांगते.

मी अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटाची. इथे तळी इतकी आहेत, की त्यांना नावं देता देता सरकारी मोजणीदार थकला आणि मग नावं ठेवू लागला. आमच्या तळ्यापाशी पोचल्यावर त्याने नकाशात 'आणखी एक तळं' एवढंच लिहिलं. तेच नाव राहिलं.

आर्विड क्वाले आणि त्याची बायको रॅग्ना यांनी मला आपल्या कोठारात बांधलं. भिंती कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याच्या, खिडकी मोडीत निघालेल्या शाळेच्या बसची, बाक चर्चने टाकून दिलेला आणि दार परसातल्या संडासाचं. त्या दाराला हवेसाठी चंद्रकोरीच्या आकाराचं भोक होतं. त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी बाहेर उभा राहून खोकायचा. झोपडीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत हवं, असा नियम आहे. रॅग्नाने ते इतकं मोठं रंगवलं, की शेवटचं अक्षर कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या भिंतीवर गेलं.

दर डिसेंबरात बर्फ हातभर जाड झाला की पिकअप गाडी मला ओढत तळ्याच्या मधोमध नेऊन ठेवायची. माझ्या फळ्यांमध्ये दोन भोकं होती, त्यांच्या बरोबर खाली बर्फात दोन भोकं पाडायची. एकात आर्विडचा गळ, एकात रॅग्नाचा. मासे तिलाच जास्त लागायचे. ती मासा वर काढून दाखवायची आणि आर्विड म्हणायचा, "तसं वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. एकदा माझा फोटो गावच्या वर्तमानपत्रात आला. फोटो तसा माझ्या मागे उभ्या असलेल्या हरणाचा होता, पण माझी डावी भिंत स्पष्ट दिसत होती. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत सगळ्या झोपड्या काठावर ओढून न्यायच्या. अशी एकोणीस वर्षं मी वेळेवर घरी गेले.

मग रॅग्ना गेली.

त्या आठवड्यात शेजारच्या अकरा घरांतून हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या एका भांड्यातल्या जेवणाची, अकरा भांडी आली, सगळी मश्रूमच्या सुपातली, सगळ्यांवर बटाट्याच्या त्याच कुरकुरीत गोळ्या. भांडं देताना प्रत्येकाने हवेबद्दल बोलून घेतलं. तिचं नाव कुणीही काढलं नाही. दुःखी माणसाला आणखी कशाला दुखवायचं, असा त्यामागचा चांगला विचार होता. पुढच्या हिवाळ्यात आर्विड एकटाच आला. त्याने भोकं मात्र दोन पाडली. दुसऱ्या गळालाही तो आमिष लावायचा. त्या गळाला मासा लागला तर सोडून द्यायचा. तो तिचा होता.

तिसऱ्या वर्षी मार्चची तारीख आली आणि गेली. बाकीच्या झोपड्या काठावर गेल्या. आर्विडने गाडी आणलीच नाही. पुढे गाडी आणण्यासारखा बर्फच उरला नाही. तो रोज सकाळी चालत यायचा, शेगडी पेटवायचा आणि दोन गळ सोडून बसायचा.

मित्रांनो, जानेवारीतला बर्फ बंदुकीसारखा वाजतो. ते ऐकून घाबरू नका, तो तब्येतीने चांगला असतो. मार्चमध्ये तो राखाडी होतो आणि काचेच्या बांगड्या पिशवीत हलवल्यासारखा हळूच किणकिणतो. तो आवाज ऐकला की घाबरा. माझ्या खाली तो चार दिवस किणकिणत होता.

पाचव्या दिवशी दुपारी दाराबाहेर कुणीतरी खोकलं. शेजारचा टोइव्हो लेहटोला आला होता. काठापासून चालत आला होता आणि मागे दोरीने एक अ‍ॅल्युमिनियमची बोट ओढत होता.

"आहेस का रे?"

"आहे. ये."

"नको, उगाच. जाता जाता डोकावलो."

तळ्याच्या मधोमध जाता जाता डोकावण्यासारखं दुसरं काहीही नाही. तरी आर्विडने तसं म्हटलं नाही.

"कॉफी घे."

"नको नको, आत्ताच झाली."

"अर्धा कप घे की."

"कशाला त्रास तुला?"

"किटलीत आहेच. नाहीतर टाकूनच द्यायची."

"टाकूनच द्यायची तर दे."

आमच्याकडे कॉफी तिसऱ्यांदा विचारल्यावरच घेतात. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणाऱ्याच्या घराण्याबद्दल गावात पुढची वीस वर्षं बोललं जातं. दोघे बाकावर बसले. आर्विडने बसच्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

"बोट आणलीस?"

"हो. जरा पाय मोकळे करायला."

"बोटीचे?"

"तिलाही घरात बसून कंटाळा येतो रे."

"तसं वाईट नाही," आर्विड म्हणाला आणि गळाकडे बघत राहिला.

भोकांमधलं पाणी एरवी फळ्यांच्या वीतभर खाली असतं. ते आता फळ्यांच्या बरोबरीने आलं होतं. मग ते वर आलं आणि सावकाश पसरत टोइव्होच्या बुटापर्यंत पोचलं. त्याने पाय उचलून बाकावर घेतले. थोड्या वेळाने आर्विडनेही घेतले. दोघे म्हातारे चर्चच्या बाकावर कोंबड्यांसारखे बसले. माझ्या भिंतींना जुने दिवस आठवले.

"ओल आहे जरा," टोइव्हो म्हणाला.

"मार्च आहे."

"ओढ्याच्या तोंडाशी पाणी मोकळं झालंय म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच बघितलं. पण आपण खात्रीने कसं सांगणार?"

"खरंय."

टोइव्हो आर्विडला बाहेर काढायला आला होता, हे मला कळत होतं, आर्विडला कळत होतं आणि बहुधा बोटीलाही कळत होतं. पण माणसाला त्याच्याच झोपडीत बसून 'ऊठ' कसं म्हणायचं? शेवटी टोइव्होने मांडीवर थाप मारली.

"चला तर मग."

इथे मला जरा थांबून सांगावं लागेल. आमच्याकडे 'चला तर मग' म्हणजे निघालो असं नव्हे. थाप हा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात उभं राहायचं, तिसऱ्यात कडीला हात लावायचा, चौथ्यात बाहेर उभं राहून बोलायचं. प्रत्येक टप्प्याला पाव तास लागतो आणि नवा विषय लागतो. पाहुणा चारही टप्पे पार करून दिसेनासा होईपर्यंत यजमानाने जागा सोडायची नसते. आता बघा, टोइव्हो गेला असता तर आर्विड मागे एकटा उरला असता, म्हणून टोइव्हो जाईना. पाहुणा जात नव्हता, म्हणून यजमान उठेना. खाली बांगड्या किणकिणत होत्या.

टोइव्हो उभा राहिला आणि आपल्या मेहुण्याच्या गुडघ्याबद्दल बोलला. मग कडीला हात लावला आणि दुसऱ्या गुडघ्याबद्दल बोलला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तेवढ्यात माझा डावा कोपरा खाली गेला. किटली शेगडीवरून घसरत निघाली. आर्विडने ती अलगद पकडली.

"अजून थोडी देऊ?"

"नको."

"अर्धा कप?"

मित्रांनो, मी लाकडाची आहे, तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. ही दोन माणसं थंडीने नाही, पाण्यानेही नाही, सभ्यपणाने मरणार होती.

टोइव्होने कडी धरून दाराकडे तोंड केलं. आर्विडकडे बघून त्याला ते बोलता आलं नसतं.

"आर्विड, रॅग्ना मेली."

शेगडीत पाणी शिरलं आणि ती फुस्स झाली.

"मेली ती. तीन वर्षं झाली. त्या भोकाखाली रॅग्ना नाहीये. हा बर्फ आत्ता फुटणार आहे आणि ती बोट मी हवा खायला आणलेली नाही, गाढवा!"

आर्विडने किटली बाकावर ठेवली. आता हा टोइव्होला हाकलून देईल आणि इथेच बसेल, असं मला वाटलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"तिचं नाव घेतलंस तू," तो म्हणाला.

"चुकलं असेल तर..."

"तीन वर्षांत कुणी घेतलं नव्हतं रे. मला वाटलं, ती मला एकट्यालाच आठवते."

"आख्ख्या गावाला आठवते. माझ्या बायकोने तिची लिंबाची वडी करून बघितली मागे. भयंकर झाली."

नेमकं त्याच वेळी दुसऱ्या भोकात गळाच्या दोरीवर तरंगणारं बूच बुडालं. रॅग्नाच्या गळाला मासा लागला होता, आणि मोठा. दोरी ताणून थरथरत होती. दोघांनी तिकडे पाहिलं. आर्विडचा हात पुढे गेला. संपलं, मला वाटलं. आर्विडने खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तिचा आहे."

मग तो उठला. मांडीवर थाप नाही, गुडघे नाहीत, काही नाही. दार उघडून बाहेर पडताना त्याने माझ्या चौकटीवर दोनदा हात ठेवला. आमच्या भागात माणसांनी घेतलेला हा सर्वांत लहान निरोप असावा. मला थोडा राग आला आणि थोडा अभिमानही वाटला.

बोटीत आर्विड बसला. टोइव्हो एक पाय आत टाकून दुसऱ्याने ढकलत होता, तोच त्याच्या पायाखालचा बर्फ गेला. तो कंबरेपर्यंत पाण्यात गेला. आर्विडने त्याला कॉलर धरून आत ओढलं. भोवतालचा सगळा बर्फ विस्कटला आणि बोट तरंगू लागली. चंद्रकोरीच्या भोकातून मला ते दोघे वल्हं मारत लांब जाताना दिसत होते. टोइव्होचे दात वाजत होते, तरी त्याने विचारलंच.

"माझ्याकडे येतोस का कॉफीला?"

"येतो," आर्विड म्हणाला. पहिल्याच विचारण्याला.

मी त्यानंतर लगेच बुडाले. बघण्यासारखं वर काही उरलंच नव्हतं.

पुढे आर्विडला सरकारी पत्र आलं, की तुमची झोपडी ताबडतोब तळ्याबाहेर काढावी. नाव मोठं लिहिलेलं असल्याचा हा तोटा. दोघांनी दोनदा आकडा टाकून मला ओढून पाहिलं. माझी धुराची पुंगळी तेवढी वर गेली. आता आर्विड टोइव्होच्या झोपडीत बसतो. हिवाळ्यात त्यांचं बोलणं वरून पुसट ऐकू येतं. रॅग्नाचं नाव त्यात पुष्कळदा असतं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. आपल्या झोपडीची काळजी घ्या, तिला वेळेवर घरी न्या. आणि आपलं माणूस पातळ बर्फावर बसलेलं दिसलं तर आधी ते सांगा. गुडघ्यांचा विषय काठावरही काढता येतो.

वरून पाहिला तर बर्फ पांढरा दिसतो. मी तो खालून बघते. आज पुन्हा मार्च आहे आणि तारीख उलटून गेली आहे. सगळ्यांच्या झोपड्या निघून गेल्या, आर्विड-टोइव्हो काठावर आहेत. माझ्या बरोबर वर एकच निळा तंबू उरलाय. आवाजावरून दोघी बहिणी असाव्यात. तंबूला तळ नाही आणि ऊन बर्फातून असं आरपार येतंय, की मला त्यांच्या बुटांचे तळवे दिसतात. पाईक बाकावरून उठून वर बघतोय.

किणकिण सुरू झाली आहे.

आत्ताच एकीने मांडीवर थाप मारली. "चला तर मग," ती म्हणाली.

दुसरी म्हणते आहे, "अर्धा कप घे ना."