पाळणाघराचा अर्धा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि तोही अर्धाच. मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर येईन, एवढीच माझी उंची. वरचा अर्धा कुठे हरवला, असं तुम्ही विचाराल. हरवला बिरवला नाही, मला घडवलंच तसं. सुताराला सांगितलं होतं की आईला बाहेरून आतलं दिसलं पाहिजे आणि मुलाला आतून पळता येता कामा नये. त्याने कडी बाहेरच्या अंगाला लावली. माझ्या कडा तर त्याने काचपेपरने इतक्या घासल्या, की एखाद्या रांगत्या बाळाने मला चावलं तरी त्याच्या हिरडीला कुसळ टोचू नये. आणि चावली हो, पुष्कळ बाळं चावली.

त्या काळी गावातल्या बटणांच्या कारखान्याला माणसं कमी पडत होती. बायकांना कामावर बोलावलं, पण त्यांनी लेकरं कुठे ठेवायची? मग सरकारने घाईघाईने कारखान्याशेजारी पाळणाघर काढलं. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा कारखान्याचा. भिंतींचा रंग वाळायच्या आत आम्ही सुरू झालो. मोठमोठी माणसं बघायला आली आणि एका साहेबांनी तर माझ्यावर हात टेकून फोटो काढून घेतला. तेव्हा मी कोरा करकरीत होतो, माझा रुबाब काय सांगू! रोज सकाळी साठ मुलं माझ्यावरून आत जायची. हो, वरूनच. कडी काढत बसायला आयांना वेळ कुठला? मूल उचलायचं, पलीकडे मावशींच्या हातात द्यायचं आणि भोंगा व्हायच्या आत कारखाना गाठायचा. मावशी म्हणजे आमच्या पाळणाघराच्या बाई. त्यांनी कधी कुणाच्या अंगावर हात उगारल्याचं मी पाहिलं नाही.

मग कारखान्यात नवी यंत्रं आली आणि तेवढ्या बायका लागेनाशा झाल्या. ज्यांनी आमचं कौतुक केलं होतं, तेच आता भाषणांत म्हणू लागले की मूल सांभाळणं हे आईचं काम, सरकारने त्यात कशाला पडावं? कारखाना सरकारकडे बोट दाखवी, सरकार कारखान्याकडे. या टोलवाटोलवीत आधी मुलांचं दुपारचं दूध बंद झालं, मग मावशींची मदतनीस गेली, मग संध्याकाळचा एक तास गेला. माझं एक बिजागर निखळलं, ते मावशींनी दोरीने बांधलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. दुधाचं मात्र फार वाटलं.

अशा पडत्या काळात गुंडी आली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण आई बटणं पाकिटात भरायच्या कामावर, म्हणून सगळे तिला गुंडीच म्हणत. वय अडीच वर्षं. घरात मायलेकी दोघीच, कमावणारी एकटी आई. जवळचं म्हणावं असं माणूस एकच, आईची थोरली बहीण, आणि तीही आगगाडीने दिवसभराच्या वाटेवर. आई गेली की गुंडी माझ्या फळीला नाक लावून उभी राही आणि मग मावशींनी हाक मारली की खेळायला जाई. संध्याकाळी आईची चप्पल वाजली की सगळ्यात आधी तिला कळे.

एके वर्षी वरून नवा नियम आला. तपासणीच्या दिवशी वीस मुलं हजर असतील तरच अनुदान, नाहीतर पाळणाघर बंद. आमच्या पटावर सव्वीस मुलं होती, त्यामुळे मावशी निर्धास्त होत्या. तपासणी आली त्या आठवड्यात खोकल्याची साथ होती. मावशींची वर्षानुवर्षांची रीत अशी, की खोकणारं मूल घरी राहील, म्हणजे बाकीच्यांना लागण होणार नाही. आदल्या संध्याकाळी माझ्याजवळ उभं राहून त्यांनी एकेका आईला तेच सांगितलं. गुंडीला खोकला होता, ताप नव्हता. तिची आई म्हणाली, खाडा झाला तर मुकादम बोलतो, थोडासाच तर खोकला आहे, आणू का?

मावशी म्हणाल्या, "राहू दे गं घरी. एका दिवसाने काय होतंय?"

सात मुलं घरी राहिली. तपासनीस माणूस वाईट नव्हता. त्याने मुलं दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा एकोणीसच भरली. मावशींनी परोपरीने सांगितलं की बाकीची आजारी आहेत, मीच त्यांना येऊ नका म्हटलंय, हवं तर घरोघरी चला. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझ्या कागदावर आजारी असा रकानाच नाही."

दीड महिन्यात आम्हाला कुलूप लागलं. गुंडीच्या आईने शेजारणीचे पाय धरून पाहिले. दोन दिवस पोरीला कारखान्यात टेबलाखाली बसवलं, तर मुकादमाने दोघींना घरी पाठवलं आणि पुन्हा आणलीस तर काम जाईल असं बजावलं. काम गेलं तर खायचं काय? शेवटी तिने गुंडीला बहिणीकडे नेऊन सोडलं. महिन्यातून एक रविवार तेवढा भेटीचा.

दोन वर्षांनी मावशी उरलंसुरलं सामान सरकारी माणसाच्या ताब्यात द्यायला आल्या. कारखाना सुटला होता. गुंडीची आई रस्त्यावरून जात होती, ती थबकली. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. मावशींनी लेकीची चौकशी केली.

"बरी आहे," आई म्हणाली. "बहिणीला आई म्हणते. मला कारखान्याची आई म्हणते."

मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी तिला आणलं असतं, तर वीस झाली असती."

"तू आणत होतीस," मावशी म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

मला वाटलं, आता ही मावशींना काहीबाही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती डोळे पुसून निघून गेली, आणि मावशी माझ्यावर कोपरं टेकून ढसाढसा रडल्या. मित्रांनो, दोघींनी तो दोष आपापल्या घरी नेला. ज्याने कुठल्याशा टेबलावर वीसचा आकडा लिहिला, त्याला यातलं काहीच कळलं नाही.

आता मी सरकारी गोदामात भिंतीला टेकून उभा आहे. मला वाळवी लागली आहे, माझं काही खरं नाही. परवा इथले कारकून बोलत होते की बायका पुन्हा कामावर हव्या आहेत, म्हणून नवी पाळणाघरं निघणार आहेत. निघू देत, मला आनंदच आहे. पण तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्यातलाच कुणी कागद घेऊन मुलं मोजायला येईल. त्याला माझं हात जोडून सांगणं आहे. बाळा, आलेली मुलं मोजून झाली की सही करू नकोस. न आलेल्यांच्या घरी जा आणि त्यांना कसला खोकला झालाय ते आधी विचार.