डोणीतलं बाळंतपण

कानिफनाथ नगरला गेला होता विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा आणायला, आणि घेऊन आला मासे. खायचे नव्हेत, बघायचे. काचेच्या बरणीत पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं. एस.टी.त कर्जतपर्यंत मांडीवर आणि तिथून गावापर्यंत छातीशी धरून तो दारात उभा राहिला, तेव्हा त्याचा सदरा पोटाला चिकटला होता.

"पट्टा कुठाय?" त्याच्या आईनं, छबूबाईंनी विचारलं.

"दुकान बंद हुतं."

दुकान उघडं होतं. पण शेजारच्या घड्याळवाल्याकडे काचेच्या पेटीत हे मासे फिरत होते, आणि हा गडी त्यांच्यापुढे इतका वेळ उभा राहिला की पट्ट्याचा दुकानदार दुकान बंद करून जेवायला गेला. हौसेला मोल नसतं म्हणतात. ह्याच्या हौसेला घरही नव्हतं. मासे घेतले, पेटी घ्यायची ऐपत नाही म्हणून बरणीवर भागवलं, आणि आता त्यांना ठेवायचं कुठं हा प्रश्न घरच्या बायकांवर सोपवून तो मोकळा झाला.

त्याची बायको रंगुबाई सातव्या महिन्यात होती. तिनं बरणी उजेडात धरली. चार-पाच नर, करंगळीच्या नखाएवढे, शेपट्या मात्र जत्रेतल्या पताकांसारख्या. दोन माद्या त्यांच्यापेक्षा थोराड आणि मातकट. "ह्या पानी पित असतील का वं?" तिनं नवऱ्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. पण घड्याळवाल्यानं सांगितलेलं एक त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं होतं: ही जात अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते, आणि पिल्लं बाजूला काढली नाहीत तर मोठे मासे ती गट्ट करतात. आईसुद्धा.

"आईसुद्धा?" छबूबाईंनी भाकरी थापता थापता हात थांबवला. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केली होती, गाईम्हशींची वेगळीच. असली आई त्यांनी मांजरीशिवाय पाहिली नव्हती.

जनावरांना पाणी पाजायच्या दोन दगडी डोणींपैकी एक रिकामीच असे. मासे तिच्यात सोडले. दुसऱ्या दिवशी कानिफनाथ कोळसा घेऊन ओट्यावर रेघा ओढत बसला. डोणीत जुने मासे, रांजणात पिल्लं, पिल्लं वाढली की इंजिनाजवळच्या हौदात, आणि हौद भरला की कर्जतला दुकानात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. छबूबाईंनी रांजण द्यायला साफ नकार दिला. पण त्याच दुपारी रंगुबाईनं त्यांना डोणीच्या काठावर उकिडवं बसलेलं पाहिलं. त्या थोरल्या मादीच्या पोटाकडे बघत होत्या.

"गाभन हाय ही. शेपटीकडं काळा डाग बघ कसा धरलाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "हिला कळा येत असतील का गं?"

ते दिवस रंगुबाईला बरे गेले. सकाळ-संध्याकाळ सासू-सुना डोणीवर. कण्या टाकल्या तर खातात, कोंडा टाकला तर थुंकतात, बैल शेजारी पाणी प्यायला लागला की सगळे तळाला जातात. एकीनं बघावं, दुसरीनं त्यावर तर्क करावा. छबूबाई एरवी सुनेशी कामापुरतं बोलत, त्या आता तिला हाका मारमारून बोलवू लागल्या.

पण मनात एक काटा होता. ओटी भरली की भाऊ मुऱ्हाळी येणार आणि तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी नेणार. आई असती तर ती नाचत गेली असती. आई तीन वर्षांमागं गेली. आता घरात भाऊ गोरक्षनाथ आणि वहिनी लंकाबाई. निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं, आणि हे दोघं तिच्यासाठी कोयते बांधून ठेवून थांबलेले. दिवाळीत वहिनी तोंडावर काही बोलली नाही. फक्त भांडी आपटत होती. रंगुबाईला तिथं जायचं नव्हतं, आणि हे सासूला सांगायचं कसं? माहेरी आपलं करायला कुणी नाही, हे सासरी कबूल करणं म्हणजे भावाच्या पगडीला हात घालणं. सासू तरी काय करणार? पहिलटकरीण सासरी बाळंत झाली की गाव विचारतं, हिच्या माहेरची काय मेली का?

थोरलीचं पोट चौकोनी दिसू लागलं तशा छबूबाई म्हणाल्या, "हिला आता हितून हलवाया पायजे. बाळंतपन सासरी करत्यात व्हय? माह्यारी धाडू."

म्हणताना हसल्या, पण मनापासून म्हणाल्या. माहेरही साधंसुधं नाही, घरातलं सगळ्यात चांगलं भांडं काढलं, तांब्याचं मोठं घंगाळ. रंगुबाईनंच ते चिंच-राखेनं घासून लख्ख केलं. विहिरीचं ताजं पाणी भरलं, कोमट केलं, आणि थोरलीला ओंजळीनं उचलून त्यात सोडलं. एकटी, आरामात, कुणाचा त्रास नाही.

सकाळी ती पाण्यावर आडवी तरंगत होती. पिल्लं पोटातच.

कानिफनाथ म्हणाला, पाणी गार पडलं. रंगुबाईला वाटलं तांब्याचं काही असेल, पाण्याला कसलासा वास येत होता. छबूबाईंनी मासा तुळशीत पुरला आणि घंगाळ पालथं घातलं. इतकं लखलखीत भांडं, इतकं निवळ पाणी, आणि तरी असं झालं. रंगुबाईला भीती वाटली, साधी, स्वतःच्या जिवाची भीती.

पुढं धाकटीचा डाग काळा झाला. छबूबाईंनी या खेपेला मातीची परात काढली. आणि रंगुबाई, जिनं लग्न झाल्यापासून सासूला कधी नाही म्हटलं नव्हतं, ती म्हणाली, "आत्याबाई, हलवू नका तिला."

"मग पोरं खाईल की ती."

"भाजी धुवायची दुरडी हाय ना, इरळ इनीची? ती डोनीतच बुडवू. धाकटी दुरडीत. पोरं फटीतून भाईर निसटतील, तिला काय निसटता येत न्हाई. पानी तेच, जागा तीच. आन् बाकीच्यांस्नी घाला तुमच्या परातीत."

छबूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. मग स्वतःच दुरडी घेऊन आल्या आणि ती उलटू नये म्हणून काठाला दोरीनं बांधली.

दोन दिवसांनी दुरडीबाहेर डोणीच्या शेवाळात तीळ हलताना दिसले. तिळांना डोळे होते. कानिफनाथ मोजायला गेला, तीनदा चुकला. छबूबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत राहिल्या आणि त्यांच्या तोंडून सारखं "आगं बया" एवढंच येत होतं.

ओटी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथ आला. चहा झाला. छबूबाईंनी डिंक, खारीक, जुन्या लुगड्यांच्या घड्या असं गाठोडं बांधायला घेतलं. रंगुबाई दाराशी उभी होती. तिला वाटलं होतं आपल्याला बोलता येणार नाही, पण आलं.

"आत्याबाई, मी हितंच ऱ्हाते."

"का? भाऊ आलाय की न्याया."

ह्याचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि भावाच्या देखत ते देता येत नव्हतं. ती खाली बघत राहिली. गोरक्षनाथही खाली बघत होता. छबूबाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. बाळंतपणं करणाऱ्या बाईला माणसाच्या तोंडावरचं वाचता येतं. त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली.

"गोरक्षनाथ, पोरगी हितंच ऱ्हाईल. मी हलवायची न्हाई तिला. लोकांनी इचारलं तर सांगा, म्हातारी हट्टाला पेटली, आमचं कायबी चाललं न्हाई."

"मावशी, तुमी म्हनाल तसं," गोरक्षनाथ म्हणाला. लगेच म्हणाला. एकदासुद्धा 'असं कसं' म्हटलं नाही.

तो जेवायला बसला. मघाशी भूक नाही म्हणणारा माणूस चार भाकरी जेवला, कालवण मागून घेतलं, कोणत्या कारखान्यावर जाणार ते सांगितलं, उद्याच निघता येईल म्हणाला. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा मोकळा झालेला रंगुबाई पाहत होती. तिला हवं होतं तेच झालं होतं. पाचवी भाकरी तव्यावर टाकताना तिच्या डोळ्यांतून धार लागली.

"धूर लई झालाय," ती म्हणाली.

छबूबाईंनी तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं. "धूर न्हाई. माह्यार सुटलं की रडू येतं. रड," त्या हळूच म्हणाल्या, आणि तिला बाजूला सरकवून स्वतः भाकरी थापायला बसल्या.