पिकअपच्या नाकावरचं बीड

मी मोटारीतून सासरी जाणार, हे पूर्णा गावात मीच घरोघर सांगून ठेवलं होतं. तेव्हा आमच्याकडच्या पोरी बैलगाडीतून जायच्या. पण माझे बाबा, सावळाराम, भिवंडीत महमूदशेठच्या पिकअपवर ड्रायव्हर होते आणि शेठ स्वतःच्या तोंडाने बोलले होते, "काशी माझी पण पोरगी. ती माझ्या गाडीतूनच जाईल." मग मी का म्हणून गप्प बसू?

शेठचा लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा, कारखाना धामणकर नाक्याजवळ होता. पिकअपमध्ये कापडाचे तागे ठासून भरले की तिचं नाक उचलायचं आणि स्टेअरिंग हलकं पडायचं. शेठचा सगळा जन्म लूममध्ये गेलेला. लूम नाचायला लागला की त्याच्या पायावर वजन ठेवायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. माझ्या लग्नाच्या तोंडावर त्यांनी एका मोडक्या लूमच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जाड बाजू पिकअपच्या पुढे बोल्टने आवळल्या आणि वर हिरवा रंग दिला. गाडी ऐटीत दिसायला हवी ना!

बाबांनी नाक्यापर्यंत एक फेरी मारली आणि परत येऊन किल्ली शेठच्या हातात दिली.

"शेठ, हे बीड काढा. पुढचे स्प्रिंगचे पाटे पार बसलेत. चाक वळवलं की मडगार्डला घासतंय, ब्रेक मारला की नाक जमिनीला जातंय. पुढं इंजिनाचं वजन आधीच हाय. त्यावर एवढं पेलायचं न्हाय."

"अरे, पण नाक उचलतं त्याचं काय?"

"मागं माल कमी भरा, मग उचलनार न्हाय. या गाडीत मी माझ्या पोरीला बसवनार न्हाय."

शेठचा पारा चढला. "माझ्या गाडीला नावं ठेवतोस? जा मग, ने बैलगाडीतून!"

बाबा पायी घरी आले. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आता गावाला काय तोंड दाखवू? आई म्हणाली, "शेठचे पाय धरा, पन गाडी आना." बाबा एवढंच म्हणाले, "नोकरी गेली तरी चालंल." मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

लग्न लागलं. चिंधूकाकांची बैलगाडी दारात सजून उभी राहिली, आणि मी तोंड फुगवून तिच्याकडे निघाले. तेवढ्यात महमूदशेठ पायी येताना दिसले. पांढरा झब्बा धुळीने माखलेला, कपाळाला खोक.

"सावळाराम, पाना घेऊन चल," ते म्हणाले. "गाडी ठीक आहे हे तुला दाखवायला मी ती स्वतः चालवत आणली. चिंचेजवळच्या वळणावर वळलीच नाही. सरळ शेतात गेली."

बाबा काही बोलायच्या आत ते वऱ्हाडाकडे वळले. "ऐका सगळे! या माणसाने मला तोंडावर नाही म्हटलं. म्हणून तुमची सून आज धडधाकट आहे!"

अख्खं वऱ्हाड चिंचेपाशी गेलं. मीही गेले, मुंडावळ्या सावरत. बाबांनी बोल्ट सोडले, बीड धपकन ढेकळांत पडलं आणि पिकअपचं नाक वर आलं. गड्यांनी गाडी रस्त्यावर ढकलली. बाबांनी वाकून पाटे पाहिले, पुढची चाकं वळवून पाहिली, आणि मग मान डोलावली. शेठने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

माझे दोन दीर हौसेने बॉनेटवर चढायला गेले. बाबांआधी शेठच गरजले, "उतरा खाली! सावळारामला विचारलंत? त्याच्यावर फक्त हार!"

मी बाबांच्या शेजारी बसले. त्यांचे हात स्टेअरिंगवर होते आणि मी सारखी त्यांच्याकडेच बघत होते. असा बाप गावात दुसऱ्या कुणाला नव्हता. सासरी जाताना पोरीने रडायचं असतं. मी हसत गेले, आणि सासूबाईंनी मला ते अजून माफ केलेलं नाही.